फोर बाय फोरचे टायर: किंमत नंतर, प्रश्न आधी

टायरचं दुकान टाकताय? मग फोर बाय फोरवालं गिऱ्हाईक आलं की आधी विचारा, "गाडी जास्त कुठे चालते?"

शहर-हायवे असेल तर एच/टी. डांबरी रस्ता आणि शेताची वाट दोन्ही असेल तर ए/टी. रोज चिखल-दगडात जायचं असेल तरच एम/टी. हा डांबरावर आवाज करतो, मायलेजही खातो.

मग साइज. २५५/६५ आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिमी, साइडवॉलची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १८ इंची. लोड इंडेक्स कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नको. १०९ म्हणजे एका टायरला १०३० किलो.

गिऱ्हाईक म्हणेल, "सध्या दोनच टाका." साइज-पॅटर्न तेच आणि जुने टायर फारसे झिजलेले नसतील तरच टाका. पुढचा-मागचा घेर वेगळा झाला की फोर-व्हील मोडमध्ये ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलवर ताण येतो. त्याचे दोन टायरचे पैसे वाचतील, पण गिअरचं काम निघालं तर नाव तुमच्या दुकानाचं खराब होईल.

शेवटी साइडवॉलवरचा चार आकडी कोड दाखवा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. तो बिलावरही लिहून द्या. विश्वास तिथूनच बसतो.