लोकसेवेची उमेदवारी शिरपूरच्या विद्यार्थ्याने कोठे करावी?

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या धोरणाप्रमाणे पदवीचा अभ्यासक्रम बदलला आणि ‘इंटर्नशिप’ हा शब्द कला व वाणिज्य शाखांच्या सूचनाफलकावर येऊन बसला. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माण शास्त्राच्या विद्यार्थ्याला तो नवा नव्हता. शिरपुरातून पुणे, नाशिक, मुंबई येथील कारखान्यांत जाऊन महिना-दोन महिने काढण्याची त्याची वाट केव्हाच मळलेली आहे. आता राज्यशास्त्र, अर्थशास्त्र वा मराठी घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यालाही प्रत्यक्ष कामाचे, क्षेत्रीय प्रकल्पाचे किंवा समाजसंपर्काचे श्रेयांक मिळवावे लागतात. एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने चार श्रेयांकांचे १२० तास होतात. ते त्याने कोठे घालवावेत? ज्याच्या मनात पुढे शासकीय सेवेत किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेत काम करण्याची ओढ आहे, त्याच्यापुढे तर हा प्रश्न अधिकच अवघड. कारखान्याचे फाटक निदान डोळ्यांना दिसते. लोकसेवेचे फाटक कोणत्या गल्लीत आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

साहजिकच त्याची नजर प्रथम दूर जाते. दिल्लीच्या नीती आयोगात विद्यार्थ्यांना उमेदवारी करता येते. परंतु पदवीच्या विद्यार्थ्याला बारावीत ८५ टक्के गुण हवेत, मानधन काही नाही, आणि लॅपटॉप स्वतःचा आणावयाचा. ज्या गावाला रेल्वे नाही, गाडी धरण्यासाठी ज्याला नरडाण्याला किंवा धुळ्याला जावे लागते, तेथील शेतमजुराच्या मुलाने दिल्लीत दीड महिना स्वखर्चाने राहावे, ही अपेक्षा ज्यांनी केली त्यांना तो मुलगा बहुधा दिसलाच नसावा. राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली सुरू झाली, ती पदवीधरांसाठी. २०२४ च्या जुलैत जाहीर झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना मासिक ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन देणारी. पण शिक्षण चालू असलेल्यास तीत प्रवेश नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने पंतप्रधानांच्या नावाने जी इंटर्नशिप योजना काढली, तिचीही अट तीच, शिवाय तिचा रोख मोठ्या कंपन्यांकडे. म्हणजे जेथे पैसे आहेत तेथे विद्यार्थ्याला जागा नाही, आणि जेथे विद्यार्थ्याला जागा आहे तेथे पैसे नाहीत.

‘उमेदवारी’ या शब्दाला आज निवडणुकीचा वास लागला आहे. पूर्वी त्याचा अर्थ वेगळा होता. कधीतरी नेमणूक होईल या आशेवर कचेरीत बिनपगारी कारकुनी करणारा तो उमेदवार. घरी खाण्यापिण्याची ददात नसलेल्यालाच ही उमेदवारी परवडे, आणि म्हणून कचेऱ्या ठरावीक घरांतील माणसांनी भरत. इंग्रजी नाव धारण केलेली आजची बिनमोबदला इंटर्नशिप हे त्याच पद्धतीचे नवे रूप होय. लोकसेवेत कोणी यावे, याचा निवाडा तेथे गुणांपूर्वी घरच्या शिधापाण्यावर होतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा हा प्रश्न त्यांनी ओळखला होता असे दिसते. समाजात येणाऱ्या प्रत्येकाला पाच वर्षांची उमेदवारी. त्यांतील काही काळ पुण्याच्या संस्थेत अभ्यासाचा आणि काही देशाच्या निरनिराळ्या भागांत हिंडून माणसे व प्रश्न पाहण्याचा. शिस्त इतकी कडक की आजच्या तरुणाला ती सोसणार नाही. परंतु सदस्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या साध्या निर्वाहाची तरतूद संस्था करी. पुढे भिल्लांच्या सेवेसाठी दाहोदला भिल सेवा मंडळ काढणारे ठक्करबाप्पा याच समाजाचे सदस्य. उमेदवाराकडून सर्वाधिक मागणाऱ्या संस्थेने त्याच्या जेवणाची सोय आधी केली, ही गोष्ट आजच्या योजनाकारांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्यांच्या सेवेचा विचार झाला नाही असे नाही. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ साली नऊ महिने ते एक वर्ष इतकी सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचविली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. दहा वर्षांनी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा वर्षाच्या सेवेचे वर्षाकाठी १२० तास झाले होते. गंमत अशी की नव्या अभ्यासक्रमातील चार श्रेयांकांचे तासही तेवढेच! या योजनेने हजारो मुलांना प्रथमच खेडे दाखविले, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण खेड्यातूनच आलेल्या मुलाला सात दिवसांच्या शिबिरात पुन्हा खेडे दाखवून काय साधते? शिरपूरच्या महाविद्यालयांतील कित्येक विद्यार्थी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पावरा व भिल्ल वस्त्यांतून येतात. त्यांना रस्ता झाडण्याचा सराव नको आहे. तहसील कचेरीतील कागद कसा हलतो, हे त्यांना कळावयाला हवे आहे.

याच मुलखात एकदा उलट्या दिशेचा प्रवास घडला होता. शिरपूरला लागून असलेला शहादे तालुका १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. १९७१ सालच्या पाटीलवाडीच्या गोळीबारानंतर तेथे अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली आदिवासी संघटित होऊ लागले, आणि १९७२ च्या सुमारास पुण्या-मुंबईकडील शिकलेले तरुण त्यांच्या मदतीला आले. गेलेल्या जमिनी, सालदारांची स्थिती, मजुरीचे दर या प्रश्नांवर श्रमिक संघटना उभी राहिली. मुंबईच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेले कुमार शिराळकर हे त्या तरुणांपैकी एक. २०२२ च्या २ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांनी श्रमिकांचे काम सोडले नाही. त्यांना कोणी श्रेयांक दिले नव्हते, प्रमाणपत्रही दिले नव्हते. मात्र त्याच संघटनेत वाढलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत जे विचारले, ते आजही चुकविता येत नाही: ज्याचे दुःख, तो व्यासपीठाखाली बसतो आणि त्याचे दुःख त्याला दुसराच कोणी वरून सांगतो, असे का? शहरातून आलेल्यांची निष्ठा निर्विवाद होती. तरी पन्नास वर्षांनंतरही बाहेरून कोणी येण्याची वाट पाहावी लागत असेल, तर मधल्या काळात निघालेल्या महाविद्यालयांनी काय केले, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे कठीण जाईल.

आणि काम तर दाराशी पडून आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील १९८५ च्या आदेशाने शिरपूर तालुक्यातील ६२ गावे अनुसूचित क्षेत्रात आली. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला प्रत्यक्ष कब्जातील, पण कमाल चार हेक्टर, जमिनीचा हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेकडे करावयाचा. ग्रामसभेने निवडलेल्या १० ते १५ जणांच्या वनहक्क समितीने जागेवर जाऊन तो पडताळावयाचा. मग तो उपविभागीय व जिल्हा समितीकडे जातो. कायदा लिहिणाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. सरकारी कागद नसेल तर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथनही पुरावा म्हणून धरावे, असे नियमात घातले. पण हे कथन लिहावयाचे कोणी? म्हातारा पावरी बोलणार, अर्ज मराठीत, आणि तपासणारा अधिकारी बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला. कोणत्या दुष्काळात कोणती टेकडी नांगराखाली आली, बांधावरचा महू कोणाच्या आजाने राखला, हे त्या भाषेत विचारून या भाषेत नेमके उतरविणे ही सामान्य लेखनिकाची करामत नव्हे. द्वितीय वर्षाचा पावरा विद्यार्थी ते करू शकतो. वर्गात जी भाषा त्याला अडचण वाटते, तीच येथे त्याची पात्रता ठरते. एका गावातील अडून राहिलेले दावे समजून घेणे, कोणत्या कागदाअभावी कोणता दावा परत आला याची यादी करणे, वडीलधाऱ्यांची कथने लिहून ती त्यांना वाचून दाखविणे, एवढे १२० तासांत सहज होते. आणि प्रशासन म्हणजे काय हे त्याला पुस्तकाच्या दहा प्रकरणांहून अधिक कळते.

दुसरे काम पाण्याचे. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी बांधण्यात आली आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले. त्याचे कौतुक झाले तसे त्यावर मतभेदही झाले. खोली किती असावी, तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत जे जमले ते अन्यत्र खडकात जमेल काय, असे प्रश्न तज्ज्ञांनी उपस्थित केले. अशा वादाचा निकाल भाषणांनी लागत नाही, वर्षानुवर्षे मोजलेल्या विहिरींच्या पातळीने लागतो. दोरी, फूटपट्टी आणि वही यांपलीकडे या कामाला भांडवल लागत नाही. लागतो तो दर महिन्याला त्याच विहिरीवर जाणारा माणूस.

धुळे जिल्ह्यातच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार यांनी वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ते आपल्या पाड्यावर परतले. वनवासी कल्याण आश्रमाच्या साह्याने गावाने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला, देशात अगदी प्रथम. त्या गावाचा अभ्यासगट प्रसिद्ध आहे: बाहेरचे जाणकार आणि गावकरी एकत्र बसून कायदा समजून घेतात, निर्णय मात्र ग्रामसभा घेते. विद्यार्थ्याने काम कोठे शिकावे याची ही दोन उत्तरे, आणि त्यांतले एक तर एस.टी.च्या टप्प्यात आहे.

तरीही विद्यार्थ्याला हे काम मिळत नाही, त्याची कारणे अगदी साधी आहेत. कचेरीत त्याला उभे कोणी करावयाचे? अव्वल कारकुनाची अडचण खोटी नाही. कागद गहाळ झाला तर जाब त्याला द्यावा लागतो. मुलगा कोण, कोणाच्या जबाबदारीवर आला, हे त्याला ठाऊक नसते. महाविद्यालयाकडून येते ते ‘सहकार्य करावे’ एवढेच पत्र, आणि अखेरीस मागितला जातो तो शिक्का. त्यामुळे दोन्ही पक्ष शिक्क्यावर समाधान मानतात आणि १२० तास कागदावर पुरे होतात. याला पर्याय शोधण्यासाठी परदेशी जावयास नको. अमळनेर आणि चोपडा येथे समाजकार्य महाविद्यालये आहेत. या शाखेत क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो: ठरलेल्या दिवशी विद्यार्थी संस्थेत जातो, अहवाल लिहितो, शिक्षक तो वाचतो आणि त्यावर बोलतो. ही देखरेख कला शाखेच्या एका प्राध्यापकाकडे दहा विद्यार्थ्यांपुरती सोपविणे अशक्य नाही; मात्र ती त्याच्या तासिकांच्या कार्यभारात धरली पाहिजे. फुकटची उमेदवारी जशी विद्यार्थ्याची नसावी, तशी ती प्राध्यापकाचीही नसावी.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि खरी मेख तेथेच आहे. सुटी हा ज्याच्या घरी मजुरीचा हंगाम असतो, त्याचे वीस दिवसांचे काम म्हणजे वीस रोज बुडणे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतून आलेल्या या कल्पनेचा व्यवहार बहुतांशी बागेला पाणी घालणे व ग्रंथालयातील पुस्तके लावणे येथे येऊन थांबला आहे. त्याच तासांचा मोबदला ग्रामसभेच्या दप्तराच्या किंवा विहिरींच्या मोजणीच्या कामाला का मिळू नये? विद्यापीठाने नियमात तेवढी दुरुस्ती करावी. एस.टी.चा पास आणि दुपारचे जेवण एवढ्याने अनेकांचे भागेल.

विद्यार्थ्यालाही काही करावे लागेल. ‘आपल्या कार्यालयात इंटर्नशिप मिळावी’ एवढाच अर्ज केला तर तो टपालाच्या ढिगात जातो. कोणते काम, कोणत्या गावी, आठवड्यातील कोणते दिवस, कोणत्या भाषा येतात आणि कोणते प्राध्यापक जबाबदार राहतील, हे एका पानावर लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो. असा अर्ज तहसीलदारांकडे, गटविकास अधिकाऱ्यांकडे, धुळ्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करता येईल. वनहक्काचे काम असेल तर कचेरीच्या आधी गावच्या समितीकडे जावे, कारण दावा प्रथम तिच्यापुढे येतो. दिवाळीच्या सुटीत काम व्हावयाचे असेल तर अर्ज ऑगस्टमध्येच गेलेला बरा, म्हणजे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो वाचला जाईल आणि कोणत्या पाड्यापासून सुरुवात करावयाची हे गावच ठरवील.