डाग की अनुस्वार?

दिवसभर हिंजवडीच्या आयटी पार्कात लोकांचं सॉफ्टवेअर तपासायचं आणि रात्री आजोबांची ट्रंक उघडायची, असं सध्या चाललंय. त्यातलं पहिलं जुनं पुस्तक मी स्कॅन करायला एका झेरॉक्सच्या दुकानात दिलं होतं. तिथल्या पोराने ते काचेवर पालथं घातलं आणि वरून तळव्याने दाबलं. शिवण उसवली, तरी शिवणीलगतची अक्षरं वाकडीच आली.

म्हणून मग वरून फोटो घेणारा स्कॅनर आणला. पुस्तक उताणं राहतं, पाठ मोडत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पानेही पुस्तकं अशीच वरून टिपली. तिथे ६०० डीपीआय आणि निव्वळ काळं-पांढरं, असा हिशेब होता. तेव्हा डिस्क महाग होती, म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण त्यात फिकट वेलांटी उडते आणि पिवळा डाग काळा ठिपका होऊन बसतो. मी ४०० डीपीआयवर, रंगीत घेतो.

स्कॅनमधली अक्षरं वाचून मजकूर करायला टेसरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५च्या सुमारास जन्मलेलं हे सॉफ्टवेअर २००५ साली खुलं झालं, पुढे गूगलने पोसलं. देवनागरी वाचणारी जुनी सॉफ्टवेअरं आधी शिरोरेघ पुसून अक्षरं सुटी करत, मग ओळखत. २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट सबंध ओळ एका दमात वाचतं. वाचतं बरं, पण त्याला शिकवलं ते संगणकी फॉन्टांत उमटवलेल्या, वेबवरच्या मजकुरावर. निर्णयसागर छापखान्याच्या वळणाचा जुना खिळा दिसला की ते बिचकतं. ‘ख’चं ‘रव’ होतं, ‘भ’चा ‘म’. ही चूक दिसते तरी. जी दिसत नाही तिची मला भीती वाटते.

१९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘तें’, ‘कां’ पानोपानी. सॉफ्टवेअर त्यांचं ‘नाही’, ‘ते’, ‘का’ करून देतं, आणि वाचणाऱ्याला काही खटकतही नाही. शब्दकोश लावून ‘सुधारणा’ करणारा पर्याय म्हणूनच मी बंद ठेवतो. विकिस्रोतावरची माणसं स्कॅन आणि मजकूर शेजारी-शेजारी ठेवून पान तपासतात, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की मगच ते हिरवं होतं. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा इलाज मला दिसत नाही.

उलटही घडतं. परवा एका पानावर ‘घरं’ आलं; वाक्य तर एकाच घराचं. मोठं करून पाहिलं तर ‘र’च्या डोक्यावर ठिपका स्पष्ट. शाई म्हणावी तर अगदीच गोल. पान दिव्यापुढे धरलं. कसरीने पाडलेलं भोक होतं, चांगलं पाच-सहा पानांच्या आरपार, आणि स्कॅनरची चटई काळी.

आता प्रत्येक पानामागे एक पांढरा कागद सरकवतो. तासाला साठ पानं व्हायची, ती चाळिसावर आली आहेत.