घरबसल्या संपादनाचं काम : समाधान किती, कमाई किती?



गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मुलीचं शिक्षण झालंय, मराठी चांगलं आहे, हातात मोबाइल आहे. मग घरबसल्या इंटरनेटवर लिहिण्या-तपासण्याचं काम मिळेल का? या कामाला ऑनलाइन संपादन म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजू आज समजून घेऊ.

संपादन म्हणजे दुसऱ्याचा मजकूर वाचून शुद्धलेखन सुधारायचं, चुकीची माहिती काढायची आणि राहिलेली भरायची. तांदूळ निवडतो तसंच. खडा निघाला पाहिजे, दाणा वाया जाता कामा नये.

हे शिकायला सोपी जागा म्हणजे मराठी विकिपीडिया. हा मोफत ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. लोकच तो लिहितात आणि लोकच तपासतात.

आपल्या मालगुंडचंच उदाहरण घेऊ. कवी केशवसुतांचा जन्म इथला. पण त्यांची जन्मतारीख कुठे १५ मार्च १८६६ दिसते, तर कुठे ७ ऑक्टोबर १८६६. मग आपल्याला पटेल ती ठेवून दुसरी पुसायची का? नाही. कोणत्या पुस्तकात कोणती तारीख दिली आहे ते शोधायचं, दोन्ही नोंदवायच्या आणि पुस्तकांचे संदर्भ द्यायचे. संपादनाचं खरं काम ते हेच.

आता यातला आनंद. आपण दुरुस्त केलेली ओळ चंद्रपूरची शाळकरी मुलगी वाचते, तशी परदेशातली मराठी बाईही वाचते. वेळेचं बंधन नाही. भात लावणीच्या दिवसांत काम थांबवलं तरी कुणी विचारत नाही. चुकीची भीती नको, कारण प्रत्येक बदल ‘इतिहास’ या पानावर राहतो आणि मागे घेता येतो. शिवाय वाचन वाढतं, भाषा सुधारते.

आता तोटे. पहिला म्हणजे, विकिपीडियावर संपादनाचा पगार नसतो. ती सेवा आहे. दुसरा, आपण लिहिलेलं कुणीही बदलू शकतं, काढूही शकतं. वाईट वाटतं. अशा वेळी ‘चर्चा’ पानावर कारण विचारायचं, भांडायचं नाही. तिसरा, गटाच्या कोकम सरबताची जाहिरात तिथे चालत नाही.

चौथा तोटा आपल्या जिव्हारी लागणारा आहे. ‘आजी सांगायची’ हा संदर्भ तिथे धरत नाहीत, प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह आधार लागतो. सांदणं कशी करायची, आमसुलं किती उन्हं द्यायची, हे ज्ञान बायकांच्या हातात आहे, पण पुस्तकात फारसं नाही. म्हणून ते ज्ञानकोशातही येत नाही. यावर उपाय एकच. जाणत्या बायकांकडून हे लिहून घ्यायचं आणि चांगल्या मासिकात, पुस्तकात छापून आणायचं. मग संदर्भ तयार होतो.

पैसे मिळणारं संपादनही असतं. वृत्तपत्रं, प्रकाशक, भाषांतराच्या कंपन्या असं काम देतात. मात्र ते नियमित मिळेलच असं नाही. दर ठरवून लेखी घ्या. डोळे आणि मान दुखते, म्हणून अधूनमधून उठा. घरातल्यांना कामाचे तास सांगून ठेवा, नाहीतर ‘दिवसभर मोबाइलवरच असते’ हे ऐकावं लागतं.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘आधी नोंदणी फी भरा, मग टायपिंगचं काम देतो’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. उशीर झाला तर पैसे परत मिळणं कठीण होतं.

तेव्हा मुलीला आधी रोज अर्धा तास विकिपीडियावर हात बसवू द्या. केलेलं काम तिच्या खात्यावर दिसत राहतं. उद्या पगाराचं काम मागायला गेली, तर दाखवायला तिच्याकडे काहीतरी असेल.