मोटार खाली आणली, चाके बदलली. पण टायरच्या मापाचे काय?

रस्त्यालगत टेकलेली मोटार आणि तिच्या कमानीत ठसठशीत दिसणारी अलॉय चाके हे दृश्य पणजी, मडगाव, फोंड्यात आता नवलाचे राहिलेले नाही. ही चाके निवडताना नक्षी आणि रंग बारकाईने पाहिले जातात. टायरचे माप मात्र दुकानदारावर सोपवले जाते. वास्तविक क्रम याच्या उलट हवा. मूळ उंचीच्या मोटारीत मापातील थोडीफार चूक कमानीतील मोकळी जागा पोटात घेते. स्प्रिंग बदलून खाली आणलेल्या मोटारीत ती जागाच उरलेली नसते. अशा वेळी चोर्ला किंवा अनमोड घाटातील वळणावर, मागे तिघे बसलेले असताना, टायर मडगार्डच्या आतल्या कडेवर घासतो आणि कापला जाण्याची भीती असते.

मापाची भाषा

टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिलेले असते. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६५ हा आकडा सांगतो की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास. ८८ हा भारांक एका टायरची ५६० किलोची वहनक्षमता दर्शवतो, तर ‘एच’ ही ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा.

रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा (एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर) आणि त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवावी, की चाकाचा एकूण व्यास मिळतो. वरील टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो. २०१८ च्या स्विफ्टमध्ये वरच्या श्रेणीला हे माप होते, तर खालच्या श्रेणीला १६५/८० आर १४. दुसऱ्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो. रिम एका इंचाने बदलली, तरी एकूण व्यास कंपनीने जवळजवळ तोच राखला. रिम वाढली की भिंत तेवढी कमी करायची, हाच चाके बदलण्याचा पहिला नियम आहे.

पर्याय तोलताना

याच मोटारीला १६ इंची रिमवर १९५/५५ आर १६ बसवल्यास व्यास ६२०.९ मिलिमीटर होतो, म्हणजे फरक नगण्य. १७ इंची रिमवर २०५/४५ चा व्यास ६१६.३ मिलिमीटर येतो, सुमारे एक टक्का कमी. मात्र ‘भिंत थोडी जाड असू द्या’ म्हणून २०५/५० आर १७ घेतला, तर व्यास ६३६.८ मिलिमीटरवर जातो. टायरचा माथा कमानीच्या साडेसात मिलिमीटरनी जवळ येतो आणि स्पीडोमीटर ताशी ८० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ८२ च्या आसपास असतो. एरवी तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. खाली आणलेल्या मोटारीत तो एक टक्क्याच्या आत आणि शक्यतो कमी बाजूलाच असावा.

आत किती, बाहेर किती

व्यास जुळला तरी काम संपत नाही. रिमची रुंदी आणि ऑफसेट यांवर चाक आत-बाहेर कुठे बसणार हे ठरते. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या बसणीच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. समजा, मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५ आहे. नवी रिम सात इंच आणि ऑफसेट ३५. रुंदी दीड इंचाने, म्हणजे दोन्ही बाजूंना १९-१९ मिलिमीटरनी वाढली. ऑफसेट दहाने घटल्यामुळे चाक तेवढेच बाहेर सरकले. परिणामी बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड ९ मिलिमीटर शॉक ॲब्सॉर्बरच्या दिशेने गेली. २९ मिलिमीटर म्हणजे मडगार्डला गाठणारे अंतर. नटांच्या वर्तुळाचे माप आणि मधल्या छिद्राचा व्यासही हबशी जुळला पाहिजे. छिद्र मोठे असल्यास योग्य मापाची रिंग बसवावी. अन्यथा वेगात स्टिअरिंग थरथरते.

भारांकाकडे तर फार थोडे लक्ष जाते. २०५/४५ आर १७ हा टायर ८४ भारांकातही मिळतो. त्याची क्षमता ५०० किलो, म्हणजे मूळ टायरपेक्षा ६० किलोंनी कमी. याच मापाचा ‘एक्सएल’ प्रकार ८८ भारांकाचा असतो, तोच घ्यावा. त्यासाठी हवेचा दाब किती ठेवायचा, हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहावे.

आपले रस्ते, आपला पाऊस

या स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर. ती ४० मिलिमीटरनी खाली आणली की १२३ उरतात आणि प्रवासी बसल्यावर त्याहूनही कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातील गतिरोधक १० सेंटीमीटर उंच, पण ३.७ मीटर लांब असल्याने मोटार त्यावरून सहज जाते. अडचण होते ती वाड्यावाड्यांवरच्या अरुंद आणि उंच उंचवट्यांवर. टायर बदलून ही उंची परत मिळत नाही.

खड्ड्यांचा प्रश्न वेगळा. १२० मिलिमीटरची भिंत ९२ वर आली, की खड्ड्याची धार आणि रिम यांच्यात टायर चिमटला जाण्याची शक्यता वाढते. मग भिंतीवर फुगा येतो किंवा रिमला तडा जातो. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. चार महिने पाऊस झेलणाऱ्या राज्यात या दोन्ही गोष्टी विसरता येत नाहीत. म्हणून वरील उदाहरणात सहा इंच रुंदीच्या रिमवर १९५/५५ आर १६ हीच निवड अधिक सुज्ञपणाची ठरते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल भरपाईच्या वेळी आड येतो, हेही लक्षात घ्यावे. त्यामुळे काहीही खरेदी करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करणे श्रेयस्कर.

चाके बसवल्यावर मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासावा, मागे तीन माणसे बसवावीत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मोकळ्या जागेत मोटार हळू चालवावी आणि उंचवट्यावरून न्यावी. खडू पुसला गेला किंवा टायरला लागला, तर माप चुकले असे समजावे. मूळ स्प्रिंगच कापून मोटार खाली आणणे कटाक्षाने टाळावे. कापलेली स्प्रिंग चाक लोंबते तेव्हा बैठकीतून निसटू शकते. उंची बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीतर पुढचे टायर आतल्या कडेने लवकर झिजतात. आणि खडूच्या परीक्षेत माप चुकलेले आढळल्यास मडगार्ड ठोकून वाकवण्यापेक्षा टायर परत करणे केव्हाही स्वस्त पडते; म्हणून टायर बदलून मिळेल की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच दुकानदाराकडून लेखी घ्यावे.