धोंदलगावची दिवसाची वीज

वीज प्रकल्प आला की परिसराचे भले होते, या समजाची परीक्षा मराठवाड्यात आधी परळीच्या औष्णिक वीज केंद्राने दिली. 1971 मध्ये तिथे 30 मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला, पुढे 210 आणि 250 मेगावॉटचे संच आले. वसाहत, ठेकेदारी, ट्रक आणि राखेच्या विटा यांनी बाजारपेठ वाढवली, हे नाकारता येणार नाही. पण 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद पडले, 2015 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. प्रकल्पाच्या फाटकावर उभी राहिलेली रोजी फाटकाबरोबरच बंद होते. आणि तयार झालेली वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते. शेजारच्या शिवाराला ती इतरांसारखीच पाळीने, अनेकदा रात्री, मिळत आली.

म्हणून वैजापूर तालुक्यातले धोंदलगाव मला अधिक बोलके वाटते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर 2024 मध्ये इथे सुरू झाला. क्षमता जेमतेम 3 मेगावॉट, पण त्यातून परिसरातल्या 1,753 शेतकऱ्यांना दिवसा वीज देण्याची सोय झाली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल 2024 पासून सरकारच भरते, त्यामुळे इथला फायदा दराचा नाही, वेळेचा आहे. रात्रीच्या पाळीला अंधारात साप-विंचवाची धास्ती घेऊन दारे धरावी लागतात, नाहीतर ऑटो स्टार्टर लावून झोपायचे आणि पाणी वाहू द्यायचे. दिवसा शेतकरी बांधावर असतो, पाणी हवे तेवढेच देतो, मजूरही मिळतो. शिवाय युनिटमागे सुमारे तीन रुपयांची ही वीज शेतीपुरवठ्याचा खर्च उतरवते. शेतीच्या सवलतीचा भार वाढीव दरातून उचलणाऱ्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांनाही त्यातून दिलासा मिळू शकतो.

रोजगार किती, असा आक्षेप येतो. फारच थोडा: राखण, गवत काढणे, पॅनेल धुणे. तो मान्यच करावा. रोजगाराचा हिशेब फाटकाच्या आत नव्हे, पंपाच्या टोकाला मांडायला हवा. दुसरा आक्षेप भूजलाचा. काळ्या कातळातल्या विहिरीत पाणी मोजकेच असते, वीज मुबलक म्हणून ते वाढत नाही. ठिबक आणि पीकबदल नसेल तर विहीर दिवसाढवळ्या लवकर आटेल, एवढेच. तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. योजना गायरानावरही येते, आणि गायरानावर शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाकडे पंप नसतो. दिवसाची वीज त्याच्या काय कामाची? अशा जागी प्रकल्प आल्यास ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख रुपयांप्रमाणे तीन वर्षे अनुदान मिळते. कमान आणि पेव्हर ब्लॉक यांच्या आधी त्यातला पहिला खर्च चाऱ्यावर आणि शेळीपालकांवर व्हावा, असा ठराव ग्रामसभांनी जमीन देण्यापूर्वीच करून घ्यावा.