गळेपडू ‘वरी’

‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे गाणं १९८८च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरवर जाऊन बसलं. बॉबी मॅकफेरिनच्या या गाण्यात वाद्य एकही नाही. शीळ, ठेका, सूर, सगळं त्याच्याच तोंडचं. एकावर एक ध्वनिमुद्रित करत चढवलेलं. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीही मिळालं. पण ती ओळ काही मॅकफेरिनची नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांच्या घरी त्याला मेहेरबाबांचं एक पोस्टर दिसलं, त्यावर ती होती. मेहेरबाबा म्हणजे १८९४ साली पुण्यात जन्मलेले, नगरजवळ मेहेराबादला समाधी असलेले आपले मेहेरबाबाच. आणि खरी गंमत पुढेच आहे. १० जुलै १९२५ला बाबांनी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून सांगायचे, मग पाटीही बाजूला ठेवली आणि नुसत्या खुणांवर आले. ‘डोन्ट वरी’ हा निरोप भक्तांना तारेने जायचा. जगभर गुणगुणली गेलेली ओळ एका मौनी माणसाची!

आता ज्याची काळजी करू नका म्हणतात, त्या ‘वरी’ची कुंडली बघा. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता गळा आवळणं. त्याचं जर्मन भावंड ‘व्युर्गन’ आजही तेच काम करतं. पुढे इंग्रजीत ते लांडग्या-कुत्र्यांकडे गेलं: मेंढीचं नरडं दातांत धरून झटके देणं म्हणजे वरी. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये राजाला कोकरं फाडणाऱ्या कुत्र्याची उपमा दिली आहे, तिथे क्रियापद हेच. त्याच्याच ‘द विंटर्स टेल’मध्ये एक बाप बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या लेकीला मिठ्या मारमारून ‘वरी’ करतो. ती काळजी नव्हे, लेकीचा जीव गुदमरवणं!

मग दातांची जागा शब्दांनी घेतली आणि वरी म्हणजे एखाद्याला भंडावून सोडणं झालं. मनातल्या मनात झुरणं हा आजचा सरसकट अर्थ मात्र एकोणिसाव्या शतकात रुळला. म्हणजे शब्दाने चक्क पक्ष बदलला. आधी वरी करायचा लांडगा, आता करते मेंढी. आणि लांडगा कुठे गेला म्हणाल, तर तोही मेंढीच्याच डोक्यात. इंग्रजीतली इतकी चोख कोलांटउडी मला तरी दुसरी माहीत नाही.

थोडीफार अशी उडी ‘वरीवॉर्ट’नेही मारली. सतत चिंता करणाऱ्याला अमेरिकेत हे नाव आहे. ते रूढ झालं जे. आर. विल्यम्सच्या ‘आउट अवर वे’ या व्यंगचित्रमालिकेमुळे. त्यातलं वरीवॉर्ट हे पोर स्वतः कसली चिंता करतंय! ते दुसऱ्यांच्या डोक्याला ताप द्यायचं. लोकांनी नाव उचललं आणि ताप होणाऱ्याला चिकटवलं.

गळ्याशी नातं एकट्या वरीचंच नाही. ‘अँग्झायटी’ आली लॅटिनमधल्या आवळणं, दाबणं या अर्थाच्या क्रियापदावरून. छातीतली कळ ‘अंजायना’ त्याच घराण्यातली. वेदांमध्ये संकटाला, कोंडीला ‘अंहस्’ म्हटलंय, ती या घराण्याची आपल्याकडची शाखा.

एवढं असून मराठी माणूस वरी फारशी करत नाही. आपल्याकडे वरी उपवासाला शिजते, दाण्याच्या आमटीबरोबर. आपण घेतो ते ‘टेन्शन’. करत नाही, देत नाही असं नाही, पण मुख्यतः घेतो. ते मात्र परकं नाही बरं का. लॅटिनमधलं ताणणं आणि संस्कृतातला ‘तन्’ धातू एकाच मुळाचे, तेव्हा टेन्शन आणि ताण हे लांबचे चुलतभाऊच ठरतात.

वरी घालवायचे उपायही देशोदेशी आहेत. ग्रीक माणूस ‘कोम्बोलोई’ची माळ बोटांवर खेळवत बसतो. जप वगैरे काही नाही, नुसता चाळा. ग्वाटेमालात रात्री चिमुकल्या बाहुल्यांना चिंता सांगून त्या उशीखाली ठेवतात. ‘द लायन किंग’मुळे १९९४ साली पोराटोरांच्या तोंडी बसलेलं ‘हकूना मताता’ हे अस्सल स्वाहिली आहे. अर्थ, काही कटकट नाही. ऑस्ट्रेलियन ‘नो वरीज’ला तर हात धरणारा नाही. आभार मानले, माफी मागितली, चहा सांडला, उत्तर एकच.

जुना अर्थ मेला असं समजून मात्र गाफील राहू नका. ब्रिटनमध्ये पाळीव जनावरांच्या रक्षणासाठी १९५३ साली कायदा झाला, त्यात ‘वरी’ हा गुन्हा आहे, आणि तो करतो कुत्रा. मेंढ्यांच्या शेतात कुत्रं मोकाट सोडलं, तर त्याने दात लावला नसला तरी वरी होते. दंड मालकाला. मेंढ्या वाचवायला दुसरा इलाजच नसेल, तर शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली तरी कायदा त्याची बाजू ऐकून घेतो. तेव्हा लेकीकडे इंग्लंडला गेलात, तिचं कुत्रं फिरवायला निघालात आणि फाटकावर ‘शीप वरीइंग’ची पाटी दिसली, तर मेंढ्यांना कसली एवढी काळजी म्हणून हसत उभे राहू नका. पट्टा घट्ट धरा.