जळातले शिखर

वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागील कृष्णेच्या घाटावर, वारा उठण्यापूर्वीच्या प्रहरी, देवळाचे शिखर संथ जळात उतरलेले ज्याने पाहिले असेल, त्याला ते छायाचित्रात बांधून ठेवण्याचा मोह व्हावा हे स्वाभाविकच आहे; परंतु प्रतिबिंब ही मूळ वस्तूची हुबेहूब नक्कल नव्हे, कारण पाणी आपणांस तेच देऊळ जणू पृष्ठभागाखालून वर पाहिल्याप्रमाणे दाखविते, आणि सरळ खाली पाहिले असता जेमतेम २ टक्के प्रकाश परतविणारे ते जळ तिरप्या दृष्टीला मात्र आरसा होते. म्हणून कॅमेरा पाण्यालगत न्यावा. ध्रुवीकरणाची काच भिंगावर असल्यास ती जपून फिरवावी. एरवी प्रतिबिंबच पुसले जाते.

क्षितिज चौकटीच्या मध्यावर नसावे, हा छायाचित्रकारांचा शिरस्ता अशा निश्चल पाण्यापुढे मी बेलाशक मोडतो, कारण काठाची रेषा मध्यभागी आल्यावाचून दोन्ही शिखरांचा तोल साधत नाही; तरंग उठून खालची आकृती विसकटली, की मग तिला तेवढी जागा देण्याचे प्रयोजन उरत नाही. चित्र कातरताना वरचे रिकामे आकाश खुशाल छाटावे, पण जळातल्या शिखराचे टोक कदापि कापू नये, आणि त्याखाली बोटभर पाणी अवश्य राखावे.